सव्वा मूठ गहू: सिडकोतल्या एका घराचं स्थलांतर आणि समाधानाची शिडी

गेल्या श्रावणात, खान्देशातल्या कानबाई देवीच्या रविवारआधी दोन दिवस, नाशिकच्या पवननगरातल्या एका सिडकोच्या घरात नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजणं चाललं होतं. मी चहाला म्हणून गेलो होतो. वहिनींनी सूप पुढ्यात घेतलं, मूठ भरली आणि हात तिथंच थांबला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून गावाहून धाकटे दीर विचारत होते, "वहिनी, पोराची मूठ तिकडं धरली का? आम्ही इकडं धरलीय."

त्यांच्या भाऊबंदकीत रोटाचं धान्य घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात, माणशी सव्वा मूठ. पोरगा म्हणजे दिराचाच मुलगा. दीड वर्षापासून नाशकात काकांकडे राहतो, अंबडला पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर आहे. जेवतो इथं, मतदार यादीत नाव तिथं. मग त्याची मूठ कुठली?

हा प्रश्न मला धंद्यानं ओळखीचा होता. वीसेक वर्षं मी घरोघरच्या पाहण्यांचं काम करतो आहे आणि प्रत्येक फॉर्मचं पहिलं पान असंच अडतं: या घरात नेहमी राहणारी माणसं किती? हे घर मला शेजारी म्हणून माहीत होतंच. त्या संध्याकाळनंतर मी ते प्रकरण म्हणून नीट लिहून काढायचं ठरवलं, घरच्यांना विचारून. त्यांची अट एकच होती, नावं नकोत. म्हणून नात्यांनीच लिहितो.

घर

मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं, जिल्हा धुळे. सात एकर जमीन, सातबाऱ्यावर दोघा भावांची आणि आईची नावं. थोरल्यांना सगळे नाना म्हणतात, धाकट्यांना आबा. नाना धुळ्याच्या आयटीआयमधून फिटर झाले आणि १९९४ साली अंबड एमआयडीसीत लागले. शिंदखेड्याच्या माणसाला खरं तर सुरत सोयीची, रेल्वे थेट जाते आणि उधना-लिंबायतमध्ये अर्धं खान्देश बसलेलं आहे. आबांची मुलगी तिथंच दिली आहे. नाना नाशकात आले ते केवळ गावातला एक जण आधीच अंबडला होता आणि त्यानं "ये, बघू" असं कार्ड टाकलं म्हणून. स्थलांतराच्या पुस्तकांत याला साखळी म्हणतात. घरात त्याला "त्याच्या ओळखीनं" म्हणतात.

पहिली चार वर्षं कामटवाड्यात पाच जणांत एक खोली. शिफ्टप्रमाणे जी गादी रिकामी होईल तिच्यावर झोपायचं. मग परमनंट झाले, लग्न झालं, २००३ मध्ये हे घर घेतलं: एक खोली, स्वयंपाकघर, मागं मोरी. वर पत्र्याची खोली पुढं चढवली. २०१९ मध्ये कंपनीनं व्हीआरएस आणली. नानांनी ती घेतली आणि आता कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या व्हेंडरकडे सुपरवायझर आहेत, पूर्वीच्या निम्म्याहून थोड्या जास्त पगारावर. तरी आबांच्या चांगल्या वर्षापेक्षा ती रक्कम बरीच मोठी, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला येणारी.

नानांसारखे किती आले ते शहराच्या वाढीत दिसतं. २००१ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीत १०,७७,२३६ माणसं होती, २०११ मध्ये १४,८६,०५३. दहा वर्षांत सुमारे ३८ टक्के. एवढी वाढ केवळ पाळण्यांच्या जोरावर होत नाही.

गावी आबा, धाकट्या वहिनी आणि माय. माय अठ्ठ्याहत्तरच्या. नानांचा मुलगा पुण्याला हिंजवडीत. आणि आबांचा मुलगा, ज्याच्या मुठीवरून हे सगळं सुरू झालं, तो वरच्या पत्र्याच्या खोलीत.

शिडी

हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली एक साधा प्रश्न मांडला. समजा एक शिडी आहे. सगळ्यात खालची पायरी शून्य, म्हणजे तुमच्यासाठी होऊ शकणारं वाईटातलं वाईट आयुष्य. वरची दहावी, म्हणजे चांगल्यातलं चांगलं. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? दरवर्षी मार्चमध्ये देशांची जी आनंदाची क्रमवारी पेपरात येते, ती याच एका प्रश्नाच्या उत्तरांवर लावलेली असते. २०२५ च्या यादीत १४७ देशांमध्ये भारत ११८ वा होता. त्या एका आकड्यात मलबार हिलही आलं आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातला सुरगाणाही.

मी या घरातल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला. कानबाईला सगळे नाशकातच होते. पुण्याचा मुलगाही आला होता.

नाना म्हणाले सहा. आबा म्हणाले सात, आणि लगेच, जणू पैज लागल्यासारखे, "सात पक्के." पुण्याच्या मुलानं पाच सांगितला, तोही फोनवरून नजर न काढता. पत्र्याच्या खोलीतल्या पुतण्यानं तीन. मोठ्या वहिनींनी आठ. धाकट्या वहिनींनी आबांकडे बघून सात म्हटलं. रात्री भांडी आवरताना त्याच मला म्हणाल्या, "भाऊ, माझं पाच करा." मी खोडून पाच केलं. पाहणीचं काम करणाऱ्या कुणालाही यात नवं वाटणार नाही. नवऱ्यासमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याचंच असतं.

मायनं पायरी सांगितलीच नाही. "या वयात मी शिडीवर कशाले चढू?" फॉर्ममध्ये अशा उत्तराला "उत्तर नाही" असा रकाना असतो. मी तिथं खूण केली खरी, पण तेवढं नेमकं उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नाही.

आता हे आकडे तसेच मांडले तर एक विचित्र चित्र दिसतं. जो भाऊ गाव सोडून गेला, नळाचं पाणी, पक्कं घर आणि महिन्याचा पगार मिळवून बसला, तो सहावर. जो राहिला, ज्याच्या कापसाला गेल्या तीन वर्षांत एकदाच बरा भाव लागला, तो सातवर. मग नाना आले कशाला? आणि आबा का नाही येत? हे दुसरं मी त्यांना विचारलंही. ते हसले. "आठे (इथं) बी बरं शे," म्हणाले, "पन झोप लागत नही."

दोनदा विचारलेला प्रश्न

दिवाळीत मी त्यांच्या गावी गेलो. नाशकातल्या द्वारका चौकातून धुळ्याची गाडी, मालेगावला चहा, धुळ्याहून पुढं दुसरी एसटी. पाडव्याच्या संध्याकाळी ओट्यावर नाना, त्यांचे दोन वर्गमित्र आणि मी असे बसलो होतो. वर्गमित्र उठून गेल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, शब्द न बदलता.

"आठ," नाना म्हणाले.

तीन महिन्यांत पगार वाढला नव्हता. घर तेच होतं, गुडघा तसाच दुखत होता. मी म्हटलं, नाना, श्रावणात तुम्ही सहा सांगितला होता. त्यांना आठवत नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, "तिथं विचारलं असेल ना तुम्ही."

पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं तेच या प्रकरणाचं सार आहे असं मला वाटतं. नाशकात पायरी सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीतला जोडीदार असतो. तोही फिटर, तोही कामटवाड्याच्या खोलीतला, पण त्यानं मध्यंतरी पाथर्डी फाट्याकडे दोन गुंठे घेऊन ठेवले आणि आज त्याची तीन मजली इमारत आहे, खाली दुकानं भाड्यानं. गावात पायरी सांगताना डोळ्यांसमोर आत्ताच उठून गेलेले दोघं वर्गमित्र असतात. एकाचं सोसायटीचं कर्ज थकलेलं, दुसऱ्याचा मुलगा चाळिशीकडे चाललाय आणि मुलगी मिळत नाही. नाना तेच, मोजपट्टी वेगळी.

चीनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. २००२ च्या एका राष्ट्रीय पाहणीत खेड्यातून शहरात आलेल्यांना, खेड्यातच राहिलेल्यांना आणि मूळच्या शहरवासीयांना शून्य ते चार अशा मापावर समाधान विचारलं होतं. खेड्यात राहिलेल्यांची सरासरी २.७, शहरवाल्यांची २.५ आणि शहरात आलेल्यांची सगळ्यात कमी, २.४. पैसा तर आलेल्यांना खेड्याहून जास्त मिळत होता. २०१८ च्या जागतिक आनंद अहवालात या आकड्यांची चर्चा आहे आणि तिथंही मुख्य कारण हेच दिलं आहे: शहरात गेल्यावर अपेक्षा आणि तुलनेची माणसं बदलतात, आणि जाण्याआधी तो बदल माणसाला दिसत नाही. त्याच अहवालात देशांतरावरचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. दुसऱ्या देशात गेलेल्यांचं समाधान बऱ्याच अंशी त्या देशातल्या मूळ रहिवाशांच्या जवळ जातं. त्या वर्षी फिनलंड दोन्ही याद्यांत पहिला होता, तिथल्या लोकांच्याही आणि तिथं आलेल्या परक्यांच्याही.

म्हणजे जागेचा परिणाम असतोच. चांगल्या जागी गेलं की माणूस वर सरकतो. पण चीनमधल्या आलेल्यांना शहरात शहरवासीयाचा दर्जा मिळत नव्हता. हुकोऊ नावाची नोंदणी गावाचीच राहायची, त्यामुळे शाळा, दवाखाना, घर यांत ते बाहेरचे. आपल्याकडे तसा कायदा नाही. तरी पुतण्याच्या कंत्राटाचं पान वाचलं की त्याची आठवण येते. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग आठवडाभर घरी, मग नव्या नावानं पुन्हा अकरा महिने. त्याच मशीनवर शेजारी उभा असलेला परमनंट माणूस दीडपट-दुप्पट घेतो. नाना १९९४ मध्ये आले तेव्हा चार वर्षांत परमनंट झाले. त्यांच्यासाठी नाशिकची शिडी चढता येण्यासारखी होती. पुतण्याचा तीन त्यामुळे नानांच्या त्या दिवसांपुढं ठेवता येत नाही, शहर एकच असलं तरी.

सरासरीची गंमत

प्रदेशांची तुलना करताना एक साधी अंकगणिती फसगत होते आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. गावात पाच माणसं आहेत समजा, त्यांच्या पायऱ्या ७, ७, ६, ६ आणि ३. सरासरी ५.८. शहरात तीन माणसं आहेत, तिघंही सातवर. आता गावातला तीनवाला शहरात गेला आणि तिथं त्याचं बरं होऊन तो सहावर आला. गावाची सरासरी झाली ६.५. शहराची ६.७५. गाव वर गेलं, शहर खाली आलं. प्रत्यक्षात गावात एक नवा दिवाही लागला नाही आणि शहरात कुणाचं काही बिघडलं नाही. ज्या एका माणसाचं आयुष्य खरंच बदललं, त्याची तीन पायऱ्यांची चढण दोन्ही आकड्यांत कुठंच दिसत नाही.

उलटंही होतं. जाणारा नेहमी सगळ्यात असमाधानीच असतो असं नाही. बऱ्याचदा तो हुशार, धडपड्या, आयटीआय झालेला असतो. तो गेला की गावात उरतात म्हातारी, लहान मुलं आणि ज्यांना जाता आलं नाही ते. गावाचा आकडा मग दुसऱ्या कारणानं बदलतो.

या फसगतीतून सुटायचा एक मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसं पाठवणं. न्यूझीलंडनं २००२ पासून टोंगासारख्या बेटांवरच्या लोकांना कायमच्या वास्तव्याचे परवाने चिठ्ठ्या काढून द्यायला सुरुवात केली आणि संशोधकांना आयती संधी मिळाली: अर्ज दोघांनीही केला होता, फरक फक्त चिठ्ठीचा. काही वर्षांनी पाहिलं तर गेलेल्यांची कमाई खूप वाढली होती, मनावरचा ताण कमी झाला होता, पण "तुम्ही किती आनंदी आहात" या प्रश्नाचं उत्तर मात्र खाली गेलं होतं. ताण कमी, आनंदही कमी. हे मी नानांना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "पगाराची काळजी नाही," म्हणाले, "पण संध्याकाळी ओट्यावर बसायला ओटाच नाही." सिडकोत पुढच्या जागेत आता मोटारसायकली असतात.

आणखी एक अभ्यास मला पुतण्यासाठी महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं त्याच त्याच कुटुंबांना विचारत गेलेल्या पाहणीत दिसलं की माणसाचं समाधान गाव सोडण्याआधीच्या काळात घसरतं आणि गेल्यावर पूर्वीच्या पातळीला परत येतं. म्हणजे "आधी" आणि "नंतर" मोजताना आपण "आधी" नेमका तळातला पकडतो आणि फायदा फुगलेला दिसतो. नानांना मी १९९४ ची पायरी विचारली होती, त्यांनी चार सांगितली. ते वर्ष कसलं होतं? वडील नुकतेच वारले होते, बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, कापूस किडीनं गेला होता. त्या वर्षाला धरून मोजलं तर नाशिकनं त्यांना दोन पायऱ्या दिल्या. दोन वर्षं मागं जाऊन, वडील असतानाच्या पायरीवरून मोजलं, तर कदाचित एकही नाही.

आबांचे सात कुणाचे

गावातली बोअर २०१२ ची. पैसे नानांचे. मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन नाशकात झालं, खर्च नानांचा. आबांच्या मुलीच्या लग्नात हॉल आणि जेवण नानांकडे होतं. घराच्या कर्जाचे हप्ते त्यामुळे ओढले गेले आणि पाथर्डी फाट्याचे दोन गुंठे, जे जोडीदारानं घेतले, ते नानांनी त्याच सुमाराला सोडून दिले. ही गोष्ट नानांनी सांगितली नाही, वहिनींनी सांगितली, आणि तक्रारीच्या सुरात नाही, हिशेबाच्या.

म्हणजे आबांच्या सातमध्ये नानांच्या न झालेल्या इमारतीचा वाटा आहे. नानांच्या सहामध्येही तो आहे, उलट्या चिन्हानं. धुळे आणि नाशिक असे दोन रकाने करून आपण या दोन भावांची तुलना केली, तर एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आपण हवामानाच्या आणि मातीच्या नावावर मांडतो.

व्यवहार एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. नाशकाच्या घरात बाजरी, दादर ज्वारी, उडीद, मूग विकत येत नाही. वर्षातून दोनदा पोती येतात. सात एकर आबा एकटे कसतात आणि नानांनी हिस्सा मागितलेला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसांचे तांडे पायी चाललेले होते, तेव्हा नानांचा व्हेंडर दोन महिने बंद होता. त्या दोन महिन्यांत ते एकदाही घाबरले नाहीत, कारण सातबाऱ्यावर नाव होतं. असं आश्वासन शिडीच्या कोणत्या पायरीवर मोजायचं मला माहीत नाही. शेत विकून शहरात आलेल्या त्यांच्या एका शेजाऱ्याला मात्र त्याच दोन महिन्यांत रक्तदाब लागला.

वहिनींचे आठ

सगळ्यात वरचा आकडा वहिनींचा, आणि घरात त्यावरून त्यांची चेष्टा झाली. मला तो सगळ्यात समजण्यासारखा वाटला.

वहिनी अमळनेर तालुक्यातल्या. लग्न होऊन शिंदखेड्याकडे आल्या, तिथून तीन वर्षांनी नाशकात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात ४५ कोटींहून जास्त माणसं स्थलांतरित होती, आणि त्यांतला सगळ्यात मोठा गट लग्नामुळे गाव बदललेल्या बायकांचा. पण जनगणना कारण विचारते ते शेवटच्या राहत्या गावाबद्दल. वहिनींच्या रकान्यात त्यामुळे "कुटुंबासोबत" लागतं. लग्नानं झालेलं त्यांचं पहिलं, जास्त अवघड स्थलांतर त्या रकान्यात उरतच नाही. रोटाच्या मुठीतही बायका धरत नाहीत, तेव्हा जनगणना निदान एकदा तरी मोजते.

त्यांची तुलना पाथर्डी फाट्याशी नाही. त्यांची तुलना गावातल्या त्या तीन वर्षांशी आहे. डोक्यावरचा पदर, हंडे, मोठ्यांसमोर आवाज न काढणं, आजारपणात शिंदखेड्यापर्यंतची बैलगाडी. नाशकात आल्यावर दहाएक वर्षांनी त्यांनी बिबडे आणि नागलीचे पापड करायला घेतले. खान्देशी घरं सिडकोत गल्लोगल्ली, गिऱ्हाईक घरबसल्या. उन्हाळ्यात पत्र्यावर पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे बिबडे वाळत असतात. त्या पैशांचा हिशेब एका जुन्या डायरीत आहे आणि नाना त्या डायरीला हात लावत नाहीत.

"गावले जाऊन राहाल का पुढं?" मी विचारलं. नाना व्हीआरएसपासून अधूनमधून तो विषय काढतात. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी जावं. मी येत-जात राहीन."

२०२० मध्ये गावी जाता आलं नाही म्हणून कानबाई पहिल्यांदा नाशकात बसवली, नारळाला नथ घालून, गल्लीतल्या चार घरांनी मिळून. रोट भाऊबंदकीनं एकत्र करायचे असतात, त्यामुळे आबांना ते रुचलं नाही. पुढच्या वर्षी वाट मोकळी झाली, पण वहिनींनी इथलीच चालू ठेवली. आबांचा रुसवा तिथून आहे. मुठीचा फोन त्याच रुसव्यातला होता.

नाशिक नावाचा एक आकडा

इथवर मी नाशिकला "चांगली जागा" धरून लिहिलं आहे. ते अर्धंच खरं. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ६१,०७,१८७ होती आणि त्यातला चौथ्याहून थोडा जास्त हिस्सा आदिवासी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेच्या तालुक्यांत पाऊस कोसळतो आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन दरीत उतरावं लागतं. भात-नागलीचं काम उरकलं की तिथली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात: छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, विरळणी, मग माल काढणी. गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तो बघितल्याशिवाय कुणी नाशिक जिल्ह्याच्या समाधानाची सरासरी काढू नये.

२०२२ च्या अखेरीला सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी मागणी केली की आम्हाला गुजरातमध्ये घाला. कारण साधं होतं, रस्ता, पाणी, दवाखाना पलीकडे दिसतो आणि इकडे नाही. मला त्या बातमीत स्थलांतराचाच एक प्रकार दिसला. धुळ्याची माणसं नाशकात येत होती, त्याच काळात नाशकातली माणसं जागेवरून न हलता राज्य बदलू पाहत होती. त्यांचीही मोजपट्टी शेजारच्या गावाचीच, फक्त ते गाव सीमेपलीकडचं होतं.

गिरणाऱ्याला मी एका बाईंना शिडीचा प्रश्न विचारून पाहिला होता. त्यांनी उलट विचारलं, "कोणत्या घरची सांगू, बागेवरच्या झापातली का गावाकडची?" माझ्याकडे रकाना एकच होता.

पोरगा

पुतण्याचा तीन हा या घरातला एकमेव आकडा ज्यावर मला काही करावंसं वाटलं. बाकीचे आपापल्या पायरीवर स्थिर आहेत. नानांचे सहा-आठ म्हणजे हेलपाटे आहेत, संकट नाही. पुण्याचा मुलगा पाच म्हणतो पण दर शनिवारी ट्रेकला जातो. पुतण्याकडे दोन्ही मोजपट्ट्या आहेत आणि दोन्हींवर तो खाली आहे. नाशकात शेजारचा परमनंट दिसतो, गावात वडिलांचे सात दिसतात जे त्याला मिळणार नाहीत, कारण जमीन पुढं वाटली जाईल आणि बोअरचे पैसे देणारा नाना त्याच्या पिढीत कुणी नाही.

आम्ही तिघांनी बसून त्याच्यासमोरचे रस्ते लिहिले. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रशिक्षण घेऊन सिन्नरच्या कारखान्यांकडे बघणं. सुरतेला बहिणीच्या गावी जाणं. परत जाऊन शेतीसोबत गाईंचा गोठा. माझं मत मी सांगितलं: गोठा नको, आत्ता तर नकोच, कारण तळात असताना परत गेलेल्या माणसाला गावही हरलेला समजतं. नानांचं मत उलट होतं. आबांना विचारलं नाही, हे चूकच झालं. नंतर ते फोनवर तेवढ्यावरूनच बोलले.

पुतण्यानं सीएनसीचा सहा महिन्यांचा कोर्स धरला आहे, दुसरी शिफ्ट संपवून सकाळी जातो. डिसेंबरात मी पायरी पुन्हा विचारली. चार म्हणाला, आणि "लिहू नका, बदलेल" असंही.

मुठीचं काय झालं ते राहिलं. त्या शुक्रवारी वहिनींनी फोनवर "धरते" असंही म्हटलं नाही आणि "नाही" असंही. फोन ठेवल्यावर त्यांनी नानांची सव्वा मूठ घातली, पुण्याच्या मुलाची घातली, आणि मग पुतण्याची. गावी आबांनी त्याची आधीच घातलेली होती, दुसऱ्या पिठात. दोन्हीकडचे रोट झाले. रविवारी सगळे नाशकात जमले तेव्हा आबांनी गावचे रोट डब्यात आणले होते, न बोलता ताटात ठेवले. माय कोपऱ्यात बसून मोजत होती. तिच्या हिशेबात एक माणूस जास्त झाला.

"राहू द्या," ती म्हणाली, "खाई लेतीन."